फारवेर्क काका

माणसाच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी काका त्याच्या पायांकडे बघायचे. आमची पहिली भेट हायडेलबर्गला, मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात झाली. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि मी काळ्या साडीवर पुण्याहून आणलेल्या नाजूक चपला घालून आले होते. तिळगूळ देऊन नमस्काराला वाकले, तर आशीर्वादाऐवजी प्रश्न आला, "अगं, यांचे तळ पार गुळगुळीत झालेत. बसस्टॉपपर्यंत तरी पोचशील का?"

विमानाच्या पायांना, म्हणजे लँडिंग गिअरला, जर्मनमध्ये फारवेर्क म्हणतात. काकांचा सगळा जन्म तेच दुरुस्त करण्यात गेला, म्हणून मंडळातली मुलं त्यांना फारवेर्क काका म्हणायची. त्यांचं आडनाव साने होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मूळचे मिरजेचे. तरुणपणी इकडे आले, हाइके काकूंशी लग्न केलं आणि इथलेच झाले. काकूंना मराठीतली मोजून चार वाक्यं येत. त्यातलं "अजून थोडं घे" हे त्या इतक्या दरडावून म्हणायच्या की नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले होते आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळले होते. काका ज्या छोट्या विमानतळावर काम करायचे, तिथे माणसं हवी होती. "हात काळे करायची तयारी असेल तर ये," म्हणाले. मी गेले, रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि त्यांच्याच हाताखाली लागले.

कौतुक नेहमी इंजिनाचं होतं, याचा काकांना राग होता. "इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत खाली येतं. खाली आल्यावर उभं कशावर राहणार?" असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. हिवाळा सुरू झाला की त्यांचा चेहरा बदलायचा. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल असतो. विमान उडताना तो चाकांवरून उसळून वरच्या पोकळीत जाऊन बसतो आणि आकाशात गेल्यावर दगडासारखा गोठतो. ब्रेक धरून बसतात, झाकणं अडकतात, सेन्सर भलतंच सांगायला लागतात. काका प्रत्येक विमानाच्या पोटाखाली शिरायचे, हातमोजा काढून उघडा तळवा लोखंडावर फिरवायचे. "थंडीत दोघं खोटं बोलतात," म्हणायचे, "एक सेन्सर आणि दुसरा मेकॅनिक."

त्या जानेवारीत उणे नऊ तापमान होतं. काकांची पाठ धरली होती, म्हणून सकाळच्या विमानाचा डावा पाय मी एकटीने तपासत होते. पाय खाली येऊन नीट अडकला की नाही हे सांगणारा जो सेन्सर असतो, त्याचा जोड गरम हवेने कोरडा करायचा आणि मग ग्रीस भरून बंद करायचा. तेवढ्यात माझ्या मुलाच्या किटातून, म्हणजे पाळणाघरातून, फोन आला, त्याला ताप आहे, घेऊन जा. बोटं बधिर झाली होती. जोड वरवर पुसला, बंद केला आणि तपासणीच्या कागदावर सगळीकडे खुणा केल्या.

"झालं?" काकांनी दारातून विचारलं.

"हो काका."

त्यांनी कागदावर 'विमान उडायला ठीक' असा शिक्का मारला.

दुपारी तीनच्या सुमाराला फोन आला. ते विमान परत येत होतं, आत एकतीस प्रवासी होते, आणि डावा पाय नीट अडकल्याचा हिरवा दिवा लागत नव्हता. मी मुलाला शेजारणीकडे सोडून धावत पोचले, तेव्हा काका रेडिओवर कॅप्टनशी बोलत होते. कॅप्टन बाई होत्या. काकांचा आवाज घरात बोलावं तसा होता. "पाय खाली दिसताहेत. आता काही झालं तरी ते परत वर घेऊ नका. उजव्या बाजूला भार ठेवून टेका, डावं चाक शेवटी."

विमान उतरलं. उजवं चाक टेकलं, मग अगदी सावकाश डावं. पाय उभा राहिला. अग्निशमनच्या गाड्यांच्या गराड्यात प्रवासी शिडीने उतरायला लागले तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काका तिकडे न बघता, पाठ धरलेली असताना, बर्फात आडवे होऊन चाकाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चिमटीत बर्फाचा तांदळाएवढा कण होता.

"पाय धडधाकट आहे. जोडात पाणी गोठलं. सेन्सर खोटं बोलला."

"काका," मी म्हणाले, "मीही."

आमच्या साहेबांनी तर "हिवाळा आहे, असं होतंच" म्हणून विषय मिटवलाच होता. कुणालाही काही कळलं नसतं. काका म्हणाले, "जा, अहवालात तुझं तू लिही. मी माझं लिहितो."

त्यांनी लिहिलं की आपण न बघता शिक्का मारला. मला तीन महिने स्वतंत्र काम मिळालं नाही. काकांनी शिक्का परत केला आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं स्टोअरमध्ये सुटे भाग देत काढली. मी रडत भांडले, "तुमची काय चूक होती?"

"मी 'झालं?' असं विचारलं. 'दाखव' म्हणायला हवं होतं."

विमान उतरलं त्याच्या पुढच्याच रविवारी ते मला कॅप्टन बाईंच्या घरी घेऊन गेले. मी अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी एकतीस माणसांना डोकी खाली घालायला सांगितली. त्यातली एक आजी मोठ्याने देवाचं नाव घेत होती. तिचा आवाज अजून कानात आहे माझ्या." कॉफी तशीच निवली. त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं, पण माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत.

गाडीत काकांनी काचेवरचं धुकं पुसलं. "रागावली ते बरं झालं. 'असू दे' म्हणाली असती तर तू उन्हाळ्यापर्यंत विसरली असतीस."

निवृत्तीनंतर काका जेमतेम दीड वर्ष जगले. हृदयाचं दुखणं होतं, ते त्यांनी काकूंनाही नीट सांगितलं नव्हतं. पाठीचं दुखणं म्हणून चालवलं. काकूंनी फोनवर जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली आणि मधेच मराठीत "तो गेला" एवढंच म्हणाल्या. हे पाचवं वाक्य त्या कधी शिकल्या, कुणास ठाऊक.

आता शिक्का माझ्याकडे आहे. परवा बर्फ पडत असताना मी एक विमान चाळीस मिनिटं अडवून ठेवलं. खिडक्यांतून वैतागलेले चेहरे दिसत होते, साहेब दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. मी पोटाखाली पडून तिन्ही पाय पुन्हा एकदा बघितले. कुठेही काही सापडलं नाही. सगळं कोरडं, स्वच्छ. वर जाऊन कॅप्टनला तसं सांगितलं. उशिराबद्दल मात्र माफी मागितली नाही.