रविवारी न उडणारं विमान

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरपासून लांब एका साखर कारखान्यात कामाला होते आणि आठवडाभर तिथल्याच कॉलनीत राहायचे. तिथल्या एका साहेबांनी परदेशातून आणलेलं हे यंत्र त्यांच्या पोरांना नकोसं झालं, ते आबांनी माझ्यासाठी उचलून आणलं. पाटीएवढा काळा डबा. त्याला पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि खेळ आत घालायला घरचाच टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की टेप पाच-सहा मिनिटं कर्कश किंचाळायचा, टीव्हीच्या कडेनं रंगीत रेघा धावायच्या, आणि सगळं नीट झालं तर विमानाचा खेळ सुरू व्हायचा. नाही झालं तर शेवटी इंग्रजीत एक ओळ यायची, की टेप वाचताना चूक झाली. कुठं झाली, कशानं झाली, ते सांगायची पद्धत नव्हती.

आठवड्यात माझ्या हातून विमान बहुतेक वेळा उडायचं. एखाद्या दिवशी उगाचच अडायचं. पण आबा रविवारी येणार, आंघोळ करून खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसणार, "उडव गं तुझं इमान" म्हणणार, आणि ते हटकून अडणार. आबा जन्मात विमानात बसले नव्हते. घरावरून एखादं गेलं तर पन्नाशीतला माणूस अंगणात येऊन मान वर करून उभा राहायचा. त्यांना ते एकदा स्वतःच्या हातानं उडवायचं होतं, बाकी काही नाही.

"हे मशीन मलाच का ओळखंना?" ते म्हणायचे.

मी काय नाही केलं? टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. हेडशेजारचा बारीक स्क्रू इकडून तिकडं पिळून पाहिला. खेळ लागला त्या दिवशी आवाजाचं बटण जिथं होतं तिथं नेलपॉलिशचा ठिपका दिला. शेवटी आबांनी टेपरेकॉर्डर बगलेत मारून महाद्वार रोडला दुरुस्तीला नेला. तिथल्या माणसानं उघडून बघितला आणि परत बंद केला. "पावणं, टेप एक नंबर हाय. घरातच कायतरी भानगड असंल बघा," म्हणाला. आबा घरी येऊन आईला म्हणाले, "घरात भानगड म्हंजे तूच की." आईनं नुसता डाव उगारून दाखवला.

आईचा रविवार ओट्यापाशी जायचा. आबा घरी, म्हणजे मटण. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से. खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, प्रत्येकाचं वाटण वेगळं. मी मदतीला उठायला लागले की म्हणायची, "बस की तितंच. आठवड्यानं आल्यात ते. मी हाय न्हवं हितं." टेपच्या किंचाळण्यानं तिचं डोकं उठायचं, म्हणून मधलं दार ओढून घ्यायची. मग बऱ्याच वेळानं उघडून विचारायची, "उडालं का?"

आबा मानेनंच नाही म्हणायचे.

"ऱ्हाऊ दे. जेवाय या."

एकदा आबा म्हणाले, "मशीन माळकरी दिसतंय. मटणाचा वास आला की रुसून बसतंय." आई इतकी हसली की पदरानं डोळे पुसत आत गेली.

त्याच वर्षी पावसाळ्यात आई काविळीनं गेली. फार दिवस अंथरुणाला नव्हती. बायका म्हणाल्या, मोकळी होऊन रड बाई. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. शेजारणी भाकरी-आमटी आणून द्यायच्या, मी चहा करायची, कप विसळायची, पुन्हा चहा करायची. आबा एका जागी बसून असायचे आणि कुणी काही बोललं की "व्हय" म्हणायचे. तेरावं झालं, पाहुणे पांगले.

रविवार आला. मी सकाळीच पिठलं-भात करून ठेवला. आबा आंघोळ करून आले आणि त्यांनी खुर्ची ओढली. त्यांना खेळायचं होतं असं मला वाटत नाही. रविवारी तिथं बसायचं, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक होतं. मीही कॅसेट लावली. का लावली म्हणाल तर सांगता येणार नाही. हात रिकामे होते.

टेप किंचाळला, रेघा धावल्या, आणि पहिल्या फटक्यात खेळ सुरू झाला.

"लागलं की," आबा म्हणाले. त्यात आनंद नव्हता, नवलही नव्हतं.

मी यंत्र बंद करून पुन्हा पहिल्यापासून कॅसेट लावली. पुन्हा लागलं. तेव्हा माझी नजर मधल्या दाराकडं गेली. ते उघडंच होतं, ओढून घ्यायला कुणी नव्हतं. आत ओट्यावर मिक्सर फडक्यानं झाकलेला दिसत होता. मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या येतात हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं, की त्या मुंग्या कुणाला दिसेनाशाच झाल्या होत्या. बंद दाराआड, टेपच्या त्या किंचाळण्यात, मिक्सर ऐकूही यायचा नाही. खोबऱ्याला एकदा, तिळाला एकदा, खसखशीला एकदा. खेळ आत जाताना विजेचा एवढा एक झटका चूक व्हायला पुरेसा होता.

मी आबांना सांगितलं. म्हटलं, मिक्सरमुळं व्हायचं आबा. आई वाटण करायची ना रविवारी, त्यामुळं.

ते पडद्याकडं बघत राहिले. धावपट्टीवर विमान उभं होतं. उडवायला कुठलं बटण दाबायचं ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी हात लावला नाही.

"परत लाव," म्हणाले आणि उठले.

मी कॅसेट मागं नेऊन परत लावली. आबा आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. टेप किंचाळायला लागला, रेघा धावायला लागल्या. मग पडद्यावर मुंग्या आल्या. थांबल्या. पुन्हा आल्या. आत रिकामं भांडं फिरत होतं. शेवटी ती इंग्रजी ओळ आली.

दार उघडून आबांनी विचारलं, "उडालं का?"

मी मानेनंच नाही म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जेवाय ये."