आपला की परका

तुळजापुरात आमचं घर पुजाऱ्याचं. माडीवर माझी कामाची खोली आणि खाली यात्रेकरूंसाठी सहा खोल्या. आलेल्या माणसाला वडील दारातच विचारतात, "गाव कोणतं? कुणाच्यातले तुमी?" ठराविक गावं आमच्याकडं, बाकीची दुसऱ्या पुजाऱ्यांकडं. गर्दीत परक्यांनाही खोली मिळते, पण त्यांची पूजा आम्ही करायची नाही. एकदा विचारलं की पुन्हा विचारणं नाही. चार नंबरच्या खोलीतले आपले, पाच नंबरचे परके, एवढं वडिलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

लहानपणी मला या चौकशीचं हसू यायचं. पुढं मी तीच पद्धत माझ्या कामात उचलली आणि वर शहाणपणा मिरवला.

माझं काम म्हणजे संगणकावर पाळत ठेवणारं साधन बनवणं. कोणता प्रोग्राम केव्हा काय करतो, कुठं अडतो, याची ते नोंद ठेवतं.

धाकट्या बहिणीला दोन महिने आधीच मुलगी झाली आणि धाराशिवच्या एका दवाखान्यात बाळाला खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत ठेवलं. सगळ्या बाळांचे ठोके सिस्टरच्या टेबलावरच्या एका स्क्रीनवर दिसत. ती स्क्रीन मधेच गोठायची. पेट्यांचे स्वतःचे भोंगे सारखे खोटेच वाजतात म्हणून बारीक करून ठेवलेले. मला ते बघवेना. डॉक्टरांना म्हटलं, दोष मी शोधून देतो. तोवर दुसरी सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पेट्यांपाशी फिरेल असं ठरलं.

त्या स्क्रीनच्या संगणकावर मी साधन चालू केलं आणि स्क्रीन जास्तच रखडायला लागली. "तुमचं ते आधी काढा बरं," सिस्टर वैतागून म्हणाली. तिचं बरोबर होतं. माझं साधन त्या यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रामची प्रत्येक हालचाल लिहून घ्यायचं आणि मग त्यातून वॉर्डाच्या सॉफ्टवेअरची तेवढी निवडायचं. सगळा भार त्या लिहिण्याचा होता.

म्हणून मी निवडीची चाळणी लिहिण्याच्या आधी, दारातच आणून बसवली. संगणक प्रत्येक चालू प्रोग्रामला एक क्रमांक देतो. क्रमांक पहिल्यांदा दिसला की एकदाच विचारायचं, वॉर्डाचा आहेस का? उत्तर लक्षात ठेवायचं. परका असेल तर पुढं त्याच्याकडं बघायचंही नाही. यंत्र एकदम हलकं झालं. चार दिवस नोंदींत एकही अडथळा नाही. स्क्रीन गोठल्याचीही तक्रार नव्हती. मी अहवाल दिला, सॉफ्टवेअर निर्दोष आहे. त्या अहवालावर दुसऱ्या सिस्टरची फेरी बंद झाली.

बहिणीचा फोन आला. "दादा, तू बघितलंस म्हणून लई निवांत वाटायलंय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. खालून आई ओरडली, "अवो, चार नंबर रिकामी झाली! नव्यांना इचारून घ्या!"

ती हे रोज ओरडते. त्या दिवशी मी कप तसाच खाली ठेवला. प्रोग्राम संपला की त्याचा क्रमांकही मोकळा होतो आणि फिरून दुसऱ्याला मिळतो. त्या यंत्रावर तर दिवसभरात हजारो छोटे प्रोग्राम सुरू होऊन संपत. जुनं उत्तर पुसायची सोय मी केलीच नव्हती. वॉर्डाचा एखादा प्रोग्राम परक्याच्या जुन्या क्रमांकावर आला, की माझ्या लेखी तो परकाच. त्यानं स्क्रीन गोठवली तरी माझ्या वहीत शांतता.

मी वॉर्डात फोन लावला. "सगळं हिरवं आहे की," सिस्टर म्हणाली.

"स्क्रीनवरच्या घड्याळात किती वाजलेत?"

"सव्वाअकरा."

माझ्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. दहा मिनिटं ती बाई गोठलेले ठोके बघत बसली होती. तिथं पाच पेट्या होत्या. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "खिडकीजवळच्या पेटीकडं पळा, आधी तिकडं!"

ती पळाली. भाचीचा श्वास अडकला होता, तिनं पाठ चोळून तो चालू केला. त्यात दोन-तीन मिनिटं गेली. मग ती बाकीच्या पेट्यांकडं वळली. दाराजवळच्या पेटीत वाशी तालुक्यातलं एक बाळ होतं. ते तोवर निळं पडलं होतं आणि परत आलं नाही.

ते आधीच गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना अहवालातली चूक सांगितली, लेखी दिली. ती मान्य करायला जड गेलं नाही. फोनवर आधी कुठली पेटी सांगितली, ते मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहीण वॉर्डाबाहेर त्या बाळाच्या आईला धरून बसली होती. मी पोचलो तशी ती आई उठली आणि माझे हात धरून म्हणाली, "तुमच्या फोनमुळं एक तरी लेकरू वाचलं, दादा."