मी मागून हाकतो

आमच्या चुलत्यानं एका अख्ख्या राज्याचा सत्यानाश केला, आणि तोही खाटेवर बसून. त्या राज्यात आग ओकणारा एक ड्रॅगन होता. राजकन्या किल्ल्यात कोंडलेली. राजा विष पिऊन आडवा पडलेला. गावोगावची माणसं हात जोडून वाट बघत होती की वीर येईल आणि सोडवील. वीर म्हणजे आमचे आप्पा. आणि आप्पा सात महिने मेंढरं गोळा करत होते.

पण आधी कॉम्प्युटरचं सांगतो. तो मी वडिलांकडून पोलीस भरतीच्या नावाखाली उकळला होता. घरबसल्या सराव परीक्षा द्याव्या लागतात म्हणालो. एक दिली. नापास झालो, म्हणजे कॉम्प्युटर चालतो हे सिद्ध झालं. मग एका मित्रानं पेनड्राइव्हमधून हा खेळ आणून घातला. काय तो मुलूख! आपला बीड जिल्हा त्यात चार वेळा मावेल आणि वर धारूरचा घाट शिल्लक राहील. डोंगर, जंगलं, शहरं, भुतं, जादूगार. वाटेल तिकडं घोडं घाला, कुणी अडवत नाही. फक्त एक गोष्ट आहे, खेळ एकट्याचा. दुसऱ्या गड्याला त्यात शिरायला जागाच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतं.

आम्ही मेंढरांवाले. तलवाड्याच्या पल्याडच्या माळावर आप्पांचं खांड, म्हणजे कळप, चरायचा, तीन विसा नि तीन, म्हणजे त्रेसष्ट. मग आप्पांच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि शुगरनं ती जखम काही भरू दिली नाही. भोवताली सगळा ऊस, आणि साखरेनं पाय खाल्लेला माणूस नेमका आमच्या घरात. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल. आप्पा दवाखान्यात जायला तयार होईनात. आधी मेंढरांचं काय ते सांगा, म्हणाले.

वडिलांनी खांड विकलं आणि सांगायचं काम माझ्यावर टाकलं, कारण घरात थाप मारण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी म्हणालो, "धर्मापुरीचा एक मेंढक्या हाय आप्पा, लई मायाळू. जुन्या देवळामागं त्याचा माळ हाय. तिथं सोडली सगळी." आप्पांनी मान हलवली आणि पाय कापून घेतला. खरं म्हणाल तर तेलगावापर्यंत मी ट्रकबरोबर गेलतो. तिथून तो धर्मापुरीकडं वळलाच नाही. खाटकाचा ट्रक तिकडं कशाला वळेल?

त्यानंतर दर अमावस्येला आप्पा विचारायचे, आणि मी धर्मापुरीची ताजी बातमी द्यायचो. काळी लंगडी मेंढी त्यांची लाडकी. ती व्याली, जुळं दिलं. पुढच्या खेपेला तिळं. एकदा माझं भान सुटलं आणि मी पाच कोकरं सांगितली.

"पाच न्हाई रे होत," आप्पा म्हणाले.

"तिथलं गवतच तसलं हाय, आप्पा."

ते विचार करून म्हणाले, "असंल बाबा. देवळामागचं हाय." मला हसू दाबायला बाहेर जावं लागलं.

तर एका दुपारी मी घोडा फेकत चाललो होतो, आणि मागून खाटेवरून आवाज आला, "थांब. ती कुणाची?"

पडद्याच्या कोपऱ्यात चार मेंढरं चरत होती. खेळ बनवणाऱ्यानं शोभेला ठेवलेली.

"कुणाची न्हाईत."

"कुणाची न्हाईत म्हंजी? मेंढरू बिनमालकाचं असतंय व्हय?"

त्यांनी खेळ चालवायचा रिमोट मागितला, आणि तो दिवस माझ्या खेळाचा शेवटचा. पाच मिनिटांत ते घोड्यावर बसायला शिकले. घोडा मागं आला की मेंढरू बिचकून पुढं सरतं, हे त्यांना आठव्या मिनिटाला कळलं. ते मला महिनाभर खेळून कळलं नव्हतं. मी शंभर भुतं मारून मिळवलेली निळ्या ज्वाळेची तलवार त्यांनी ओढ्यात टाकली आणि एका भिकाऱ्याची काठी घेतली. शिपाई मागं लागला की ओरडायचे, "फॉरेस्टवाला आला, फॉरेस्टवाला!" आणि सगळं खांड घळीत दडवायचे. लांडगा मात्र दिसला की सोडायचे नाहीत. त्या राज्यातले लांडगे आप्पांचं नाव काढलं की पिल्लांना पोटाशी धरत असतील.

गोची एकच होती. खेळ वीराचे कपडे, घोडा, शिकार सगळं जपून ठेवतो, पण वाटेवरची जनावरं जपत नाही. कॉम्प्युटर बंद केला की मेंढरं पुन्हा जिथल्या तिथं. हे आप्पांना पहिल्याच दिवशी कळलं, सात गोळा केल्यावर. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद करायला बंदी. लाइट गेली तर म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडायला लावली. ट्रॅक्टर दारात मेल्यासारखा उभा, आणि बॅटरी पुरावी म्हणून पंखा बंद, फ्रीज बंद.

आई म्हणायची, "भावजी, दूध नासलं, भाजी नासली, माणसं उकडून मरायलीत. त्या खोट्या मेंढरांपायी?"

"वैनी, खरी असती तर तुमच्याच दारात बसवली असती," आप्पा म्हणायचे, पडद्यावरची नजर न काढता.

सात महिन्यांनी दोन डोंगरांमधल्या दरीत त्यांची तीन विसा नि तीन पुरी झाली. शेवटची काळी निघाली. कुठून कोपऱ्यातून शोधली देव जाणे. ती लंगडत नव्हती, तेवढंच आप्पांना खटकलं. "पाय बरा झाला तिचा," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

आता त्यांना एकच पाहिजे होतं. आमच्याकडं शेतकरी पेरणीआधी मेंढरं रानात बसवून घेतो. रातभर लेंडी-मुताचं खत पडतं, बदल्यात आम्हाला धान्य. आप्पांना हे खांड कुणाच्या तरी रानात बसवायचं होतं. त्याशिवाय खांड पुरं झालं असं त्यांना वाटेना. ते घोड्यावरून उतरून खेळातल्या शेतकऱ्यांपुढं उभे राहायचे. शेतकरी इंग्रजीत एकच वाक्य बोलायचा, आज हवा छान आहे. आप्पा थोडा वेळ थांबायचे आणि मला विचारायचे, "हो म्हनला का?"

इकडं माझे मित्र मला पारावर बसू देईनात. "काय बे, तुझ्या चुलत्याची वाट बघून तो ड्रॅगन म्हातारा होऊन मरंल की! मारतो का न्हाई?" चौघांनी आपापल्या घरी कधीच मारला होता. राहिलो होतो मी एकटा. मग मी डोकं लावलं.

"आप्पा, उत्तरंच्या दरवाज्यापल्याड एक शेतकरी हाय. पन्नास एकर मोकळं रान. मेंढरं बसवून घेतो म्हनला. आन तिथं बसली की कायमची बसत्यात, मग कॉम्प्युटर बंद केला तरी हालत न्हाईत."

"तुला कधी म्हनला?"

"तुमी झोपलता तवा."

उत्तरेचा दरवाजा म्हणजे सरहद्द. वीर त्यातून घोड्यासकट एकटाच जातो. पडदा काळा होतो, पल्याडचा नवा मुलूख उघडतो आणि अल्याडचा पाटी पुसल्यासारखा पुसून जातो. मेंढरं मागून रेटली असती तर दाराशी नुसती अडून उभी राहिली असती. काहीही नुकसान झालं नसतं. पण मी आप्पांना ओळखत होतो. अरुंद तोंड आलं की मेंढक्या आधी स्वतः पार होतो, वळून उभा राहतो आणि येईल ते मेंढरू मोजून घेतो. मागून हाकायला दुसरा माणूस लागतो. सात वर्षांचा होतो तेव्हापासून आप्पांच्या मागून हाकणारा दुसरा माणूस मीच होतो.

नऊ दिवस त्यांनी खांड चालवलं. एकही मेंढरू मागं पडू दिलं नाही. नवव्या दिवशी दुपारी दरवाजा दिसला. मी चौघांना बोलावून ठेवलं होतं. आईनं त्यांना चहा दिला. पोरं आप्पांचं कौतुक बघायला आली म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं.

आप्पांनी दाराजवळ खांड एकाला एक भिडवून उभं केलं. मग घोडा थांबवला.

"आता मागून कोन हाकंल?"

मी खाटेखालून जुना रिमोट काढला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. "तुमी पुढं व्हा आप्पा. मी मागून हाकतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काय सांगू, दोन्ही पाय होते तेव्हासुद्धा एवढा आनंद मी त्या तोंडावर पाहिला नव्हता. "तुला बी येता येतंय व्हय यात? मग इतके दिस कावून न्हाई आला?"

मागं चौघांपैकी एकानं तोंडात रुमाल कोंबला.

आप्पा दारात शिरले. पडदा काळा झाला. मग उजेड पडला, पल्याडचं हिरवंगार रान उघडलं. आप्पांनी घोडा वळवला आणि दाराकडं तोंड करून उभे राहिले. उजव्या हाताचं बोट उचललं, मोजायला.

"सोड."

"सोडली आप्पा." मी माझ्या रिमोटची बटणं खटाखट दाबली.

दारातून काही आलं नाही.

"हाक की रे."

"हाकतोय. दाटून बसल्यात."

"काळीला पुढं घे. ती शिरली की बाकी येतेत."

"घेतली, घेतली."

चौघं आता उघड हसत होते. एक तर खाली बसून मांडीवर थापा मारत होता. मीही हसत होतो. असं हसू वर्षावर्षात येत नाही, ते वाया कसं घालवायचं? आप्पांचं बोट तसंच उचललेलं. त्यांना वाटलं पोरं खुशीनं हसतायत. तेही थोडे हसले. बराच वेळ गेला. मग त्यांची नजर पडद्यावरून माझ्या हाताकडं आली, हातावरून वायरीकडं, आणि वायरीवरून तिच्या टोकाकडं. ते टोक माझ्या चपलेजवळ मोकळं लोळत होतं.

त्यांनी बोट खाली घेतलं.

"धर्मापुरीला बी तूच मागून हाकली होतीस ना?"

रुमालवाल्यानं रुमाल खिशात घातला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, माझ्या तोंडात ते नेहमीच तयार असतं. देवळामागचा माळ, मायाळू मेंढक्या, ओढ्याचं पाणी. मी सुरुवातही केली.

"न्हाई, म्हंजी आप्पा, तिकडची तर मजेत..."

"काळी आधी चढली का ट्रकात?"

काळी आधी चढली होती. मीच तिला कानाला धरून पुढं घेतली होती. एक शिरली की बाकीची येतात, हे मला आप्पांनीच शिकवलं होतं.

त्यांनी चालू रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "घे. मार तुझा ड्रॅगन." आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

मी मारला. त्याच दुपारी, चौघांच्या देखत. तलवार ओढ्यात गेलेली, म्हणून भिकाऱ्याच्या काठीनंच मारला. दोन तास लागले. पारावर हे सांगताना मी रक्ताचा पूर आणि चौदा डोकी घालतो. खरं तर डोकं एकच होतं, आणि तो पडला तेव्हा कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. राजा उठून बसला, राजकन्या सुटली, गावोगाव ढोल वाजले. मी कॉम्प्युटर बंद केला. आईनं फ्रीज चालू केला.

त्या दिवसापासून अमावस्या येतात नि जातात. आप्पा धर्मापुरीचं विचारत नाहीत. काळी पुन्हा व्याली आहे, या खेपेला एकच कोकरू, कुणालाही पटेल असं. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.