फोटोतला खराटा

"ते पातळ सोड आणि हे नेस."

मिशनच्या गोऱ्या मडमनं गाठोड्यातून काढून माझ्या हातावर ठेवलं ते फाटकं, मळकट लुगडं होतं. मी नुकतीच पळण्याच्या शर्यतीत पहिली आले होते. धापा टाकत होते. हात पुढं केला होता बक्षिसासाठी.

चर्चच्या तरुण मंडळाची सहल होती. गंगाखेडला, गोदावरीच्या काठी. ते गाठोडं मडमच्या बैलगाडीत होतं आणि आम्ही बोर्डिंगच्या पोरी सकाळपासून त्याच्याकडं बघून खुदूखुदू हसत होतो. खाऊ असेल, बक्षिसं असतील. परभणीहून फोटोवालाही आणला होता, तिपाईवरचा मोठा कॅमेरा घेऊन.

त्या फोटोसाठी मी मैत्रिणीचं पातळ मागून आणलं होतं. माय म्हणाली होती, "तुझ्या बापाचं तोंड मला आता नीट आठवंना. फोटू न्हाई ना काई न्हाई. तुझा तरी घेऊन ये."

लुगडी वाटली ती फक्त आम्हा गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या पोरींना. पाळकाच्या पोरी, शहरातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या पोरी इस्त्रीच्या कपड्यांत मागं उभ्या. आम्ही पुढं, मातीत. प्रभूच्या घरी सगळे सारखे, असं दर रविवारी आम्हीच मोठ्यानं गात होतो.

"मडम, मला हाय तशीच राहू द्या."

"हट्ट नको. तिकडं परदेशात पैसे देणाऱ्या लोकांना तुमची गरिबी दिसली, तरच तुमचं बोर्डिंग चालेल."

बोर्डिंग म्हणजे दोन वेळची भाकर. बोर्डिंग म्हणजे शाळा. गाडीच्या आडोशाला जाऊन नेसले. लाज वाटली. राग आला, तोही स्वतःचाच.

मग मडमनं माझ्या हातात खराटा दिला. "हा धर. नीट दिसू दे."

माझ्या बापानं जातीचं काम म्हणून गावाचे रस्ते झाडले होते. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यानं गावकीचा खराटा पाटलाच्या दारात टाकला आणि मार खाल्ला. पुढं बाप गेला, निजामाचं राज्यही गेलं. खराटा तेवढा फिरून माझ्याकडं आला. आणि मी तो धरला.

चिंचेच्या सावलीत आम्हाला बसवलं. फोटोवाला काळ्या कापडातून बाहेर आला. "हालू नगा. जो हालंल त्याचं तोंड पुसून जाईल. मग मला बोल लावू नगा." त्यानं भिंगावरचं झाकण काढलं.

मी मान हलवली. न्हाई. न्हाई. न्हाई. तोंडानं बोलायची छाती नव्हती. झाकण परत बसेपर्यंत हलवत राहिले.

फोटो छापून आला. मडम चिडली, पण पाठवायचा तिकडं पाठवलाच. एक प्रत मागून मी मायला दाखवायला नेली. ती दारात उजेडाला धरून बघत बसली.

"तू कुठं हायस गं?"

मी बोट ठेवलं. लुगड्याच्या वर नुसता धूर. मायनं त्यावरून अंगठा फिरवला, पुसल्यावर मी निघेन असं वाटलं असेल तिला. मग अंगठा खाली घसरला.

"खराटा बराबर आलाय," ती म्हणाली.

आला होता. काडी न् काडी दिसत होती. कारण हात हलला नव्हता. मान नको म्हणत होती आणि हात निमूट धरून बसला होता. मायला बापाचं तोंड नव्हतंच, आता माझंही मिळालं नाही.

नुसती मान हलवून भागत नाही, हे मी तेव्हा शिकले. त्यानंतर दया म्हणून कुणी हातात काही ठेवलं, की मी आधी बघते काय आहे ते. खराटा असेल तर हात उघडून तो टाकते. सगळ्यांदेखत. भाकर गेली तर जाऊ दे.