कीली म्हणजे कुलूप

माझं माहेर मैंदर्गीचं. घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात समोरच्याला कळेल ती. दोन भाषा येणं ही काही विद्या असते, असं मला कधी वाटलंच नाही. पुढे मी प्राथमिक शिक्षिका झाले. सासर अक्कलकोटचं मिळालं आणि नेमणूक तालुक्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका दोनशिक्षकी शाळेत. गाव सगळं कानडी बोलणारं, शाळा मराठी. पहिलीतल्या मुलांना फळ्यावर 'पाणी' लिहून दाखवायचं आणि तोंडानं 'नीरु' म्हणायचं, अशी आमची शिकवण्याची रीत होती.

शाळेच्या मागं आरोग्य उपकेंद्राची इमारत होती. ती बांधून झाली, फीत कापली गेली आणि दाराला कुलूप लागलं ते लागलंच. नर्सबाई नेमलेल्या होत्या, पण त्यांना दुसऱ्याच गावी कामाला लावलेलं होतं, कारण तिथंही माणूस नव्हतं. कधी लसीकरणाला त्या येत, तेव्हा आमच्या व्हरांड्यात बसत. उपकेंद्राची किल्ली त्यांच्याकडेही नसायची.

तिसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. तिच्या आईला दुसऱ्या खेपेच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. त्या दिवशी नर्सबाई येणार असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मुलीच्या आजीनं सुनेला धरून उपकेंद्राच्या पायरीपर्यंत आणलं. नर्सबाई आल्या नव्हत्या. आजीनं कुलूप हातात धरून दारावर आपटलेलं मी वर्गातून ऐकलं आणि बाहेर धावले. मग जीप शोधली, जीपवाला शोधला. बाळ रस्त्यातच जन्मलं आणि दवाखान्याचं फाटक येण्याआधी गेलं. मी जीपमध्ये मागं बसले होते. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पुढच्या वर्षी ग्रामसेवक शाळेत आले आणि म्हणाले, आमदारांची समिती येणार आहे, शाळेचं पटांगण द्या. समिती म्हणजे काय ते मला नीट ठाऊक नव्हतं. माझ्याबरोबरचे गुरुजी पंढरपूरकडचे, निवृत्तीला आले तरी कानडी न कळणारे. त्यांनी सांगितलं.

"बाई, खाती पैसा खर्चत्यात आन् काय केलं ते विधानसभेला लिवून देत्यात. लिवलेलं खरं हाय का न्हाय ते बघाय आमदार येत्यात. आपल्या ह्या मागच्या इमारतीबद्दल लिवून दिलंय म्हनं, उपकेंद्र चालू हाय, बाळंतपणं होत्यात."

"हितं?"

"हितंच की."

त्यानंतरचा आठवडा गावानं डोळे फाडून पाहिला. कुलूप निघालं. आतून वटवाघळं निघाली. रंग लागला, पडदे आले, खाटा आल्या, भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं लागली. नवजात बाळाला ऊब देण्यासाठी वर दिवा असलेलं एक टेबलही टेम्पोतून उतरलं. आजी रोजगाराहून परतताना तिथं थांबली आणि मला विचारलं, "अक्कोर, हे कशाचं?" आमच्याकडे शिक्षिकेला अक्कोर म्हणतात. मी सांगितलं. ती खुरपं हातात धरून बराच वेळ त्या टेबलाकडे बघत उभी राहिली. मग घराकडे वळली.

समिती आली ती दुपार टळून गेल्यावर. पटांगणात मांडव, गाड्यांची रांग, फेटे, नारळ. अध्यक्ष म्हातारे, सौम्य बोलणारे. त्यांच्या शेजारी एक तरुण महिला आमदार होत्या आणि त्या मात्र वही उघडून बसल्या होत्या. आरोग्य खात्याचे जिल्ह्याचे साहेब उभे राहून उपकेंद्राची माहिती वाचत होते. ती कुठल्या गावाची माहिती चालली आहे, असं मला वाटत राहिलं.

महिला आमदारांनी त्यांना थांबवलं. "गावातल्या बायकांना बोलू द्या."

साहेब म्हणाले, "मॅडम, यांना मराठी येत नाही. आमचा माणूस आहे, तो सांगेल."

"तुमचा माणूस नको. शाळेच्या बाई आहेत ना?"

अशी मी उठले. मला कुणी भाषण करायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं फक्त इकडून तिकडे न्यायचं होतं, आणि ते मी लहानपणापासून करत आले होते.

बायकांमधून आजीच उठली. पदर खोचला आणि अध्यक्षांकडे बघून बोलू लागली. "यावागलू कीली हाक्यार री!" मी मराठीत सांगितलं, "कायम कुलूप लावलेलं असतं साहेब." मग सुनेचं सांगितलं, पायरीचं सांगितलं, जीपचं सांगितलं. ती एक वाक्य बोलायची आणि थांबून माझ्या तोंडाकडे बघायची, माझं झालं की पुढचं बोलायची. शेवटी ती म्हणाली, "हे आतलं सामान चार दिवसांपूर्वी आलंय. ते टेबल माझ्या नातवाच्या वेळी कुठं होतं, एवढं विचारा." ते मी तसंच विचारलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. महिला आमदार साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही सभागृहाला काय लिहून दिलंय आणि हे काय आहे?"

"मॅडम, थोडी तांत्रिक बाब आहे. लेखी खुलासा सादर करतो."

"नोंद घ्या," अध्यक्ष म्हणाले. नोंद घेतली गेली. मग सगळे जेवायला गेले.

संध्याकाळी आजी शाळेत आली. ओच्यातून ओल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "मातु मुट्टितेनरी?" म्हणजे बोलणं पोहोचलं का?

"पोहोचलं," मी म्हणाले. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. मलाही त्या दिवशी वाटलं होतं की पोहोचलं.

नंतर कित्येक महिने काहीच घडलं नाही. ऊब देणारं टेबल परत टेम्पोत चढून गेलं. मग एक दिवस जिल्हा परिषदेकडून मला नोटीस आली. समितीपुढे आपण केलेल्या चुकीच्या भाषांतरामुळे खात्याची प्रतिमा मलिन झाली, याबाबत आपल्यावर कारवाई का करू नये, खुलासा द्यावा. सोबत खात्यानं समितीला दिलेल्या उत्तराचा उतारा जोडला होता. गुरुजींनी तो मोठ्यानं वाचला.

"सदर महिलेने 'कीली' हा शब्द उच्चारला होता. त्याचा अर्थ किल्ली असा असून, उपकेंद्राची किल्ली गावातच उपलब्ध असते, असे तिचे म्हणणे होते. दुभाषी शिक्षिकेने त्याचे भाषांतर कुलूप असे केल्याने गैरसमज निर्माण झाला. सदर प्रसूती खासगी वाहनात झालेली असल्याने तिचा उपकेंद्राशी संबंध येत नाही."

मला आधी हसूच आलं. कीली म्हणजे कुलूप, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. किल्लीला आम्ही कीलीकै म्हणतो. पण ते उत्तर कानडी माणसासाठी लिहिलेलंच नव्हतं. मुंबईत बसून मराठी कानांनी ऐकणाऱ्याला ते खरंच वाटणार. ज्यानं कुणी ते लिहिलं त्याला दोन्ही भाषा चांगल्या येत असणार, हे माझ्या मागाहून लक्षात आलं, आणि हसू तिथंच थांबलं.

खुलासा द्यायला मी सोलापूरला गेले. दिवसभर बाकावर बसवल्यावर एका अधिकाऱ्यानं आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला.

"बाई, हे लांबवू नका. एक ओळ लिहून द्या, अनवधानानं चूक झाली. मी तुम्हाला समज देऊन विषय संपवतो."

"चूक झालेलीच नाही साहेब. तुम्ही कुठल्याही कानडी माणसाला विचारा. इथं बाहेर शिपाई आहेत, त्यांना विचारा."

"मला कशाला विचारायला लावता? मी अक्कलकोटात नोकरी केलीय. मला कीली कळते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते चहाकडे बघत होते.

"मग समितीला कळवा ना," मी म्हणाले.

"समितीनं खात्याचा खुलासा मान्य केलाय. अहवाल सभागृहात ठेवून झाला. तुमचं हे उत्तर आता फक्त फायलीला लागतंय. खरं लिहा, खोटं लिहा, तिकडे कुणी वाचणार नाही. तुमच्या नोकरीचं बघा."

मी ती ओळ लिहिली नाही. कीली म्हणजे कुलूप, एवढंच लिहून सही केली. त्यानं काही अडलं नाही, कुणाचंच. महिला आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन केला. तो म्हणाला, व्हॉट्सॲपवर पाठवा. पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

हेही मी गिळलं असतं. पण एका पेपरात आतल्या पानावर बातमी आली, शिक्षिकेच्या चुकीनं समितीची दिशाभूल. ग्रामसेवकांनी ती पारावर वाचून दाखवली आणि कानडीत समजावूनही सांगितली. त्यांचं भाषांतर बरोबर होतं की चूक, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी शाळेच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"अक्कोर, मी कुलूप म्हणाले होते. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"कुलूपच सांगितलं."

"मग पेपरात किल्ली कशी आली?"

"त्यांनी खोटं लिहिलं."

"एवढी मोठी माणसं खोटं लिहितील?"

"लिहितात. तुम्ही आठवा, मी बोलले तेव्हा त्या साहेबाचं तोंड पडलं होतं की नाही?"

तिनं खरंच आठवून बघितलं. मग म्हणाली, "त्याचं तोंड गाडीतून उतरला तेव्हापासून तसंच होतं." आणि पुढं म्हणाली, "मला माझंच बोलणं कळत होतं, तुमचं नाही. तुम्ही काय सांगितलं ते मी कुणाला विचारू?"

आयुष्यभर मी दोन भाषांच्या मधे उभी होते आणि तिथं दुसरं कुणीच नसतं, हे मला त्या क्षणी कळलं. गुरुजी तिला मराठीतून सांगायला लागले, "आजी, बाई खरं बोलत्यात, मी हितंच हुतो की." तिला ते कळलं नाही. त्याचं कानडी करून तिला सांगायला परत मीच होते. मी सांगितलं नाही.

वर्ष संपायच्या आत बदली झाली, प्रशासकीय सोय म्हणून, थेट सांगोला तालुक्यात. नवरा अक्कलकोटात दुकान सोडू शकत नाही. मी इथं खोली घेऊन राहते, रविवारी जाते. डाळिंबाच्या बागांमधून शाळेला वाट आहे. मुलं गोड आहेत, 'बाई, तुमी कुटनं आलाव?' म्हणून मागं लागतात. सगळी मराठी बोलतात. काहीही बदलून सांगावं लागत नाही.

मध्ये गुरुजींचा फोन आला, मुलांकडून कळलेलं सांगायला. त्या घरातली सून पुन्हा बाळंत झाली, हद्दीपलीकडे आईकडे जाऊन, तिकडच्या दवाखान्यात. मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. आजीनं शाळेत पेढे आणून वाटले.

"माझं काही विचारलं का?" मी म्हणाले.

"आता मला काय कळतंय बाई, ती काय बोलती ते," गुरुजी म्हणाले.