टाळूवरचा चुन्याचा डाग

माझे चुलते नाना गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. हैदराबादच्या एका विज्ञान संग्रहालयात मी झाडलोट करते. दुपारी डबा उघडला आणि फोनवर पुतण्यानं पाठवलेला फोटो आला... शिरूर कासारच्या फाट्यावर उभा केलेला फ्लेक्स, ‘पशुधनमहर्षी’ अशी पदवी, आणि नानांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, पांढरेशुभ्र. खऱ्या नानांना दोन उरले होते, तेही खालचे. ज्या माणसानं जन्मभर लोकांची लबाडी जनावराच्या दातांवरून पकडली, त्याच्याच तोंडात खोटे दात बसवले यांनी. खाली अकरा पुढाऱ्यांची तोंडं. त्यातल्या एकानंही नानांना जितेपणी कधी चहा पाजलेला मला ठाऊक नाही. मी सातवी शिकलेली, कंत्राटावरची बाई. हे छापून आल्यावर गावाकडं कोण काय म्हणेल याची धास्ती आहेच. तरी लिहिते.

नाना आष्टीच्या बाजारात जनावराचं वय सांगायचे. डाव्या हातानं जबडा धरायचा, उजव्या, कायम चुना लागलेल्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली सारायचा, आणि बोट आत फिरवून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मग एकच शब्द... आदत म्हणजे अजून दुधाच्या दातांचं, दोनदाती, नाहीतर जुळलेलं म्हणजे सगळे दात आलेलं. एका व्यापाऱ्यानं म्हाताऱ्या बैलाच्या दातांवर कानस फिरवून त्याला तरणा केला होता. नानांनी नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, “कानस तुज्या अकलेवर मार बे, बैलावर कावून मारतो?” सातवीनंतरची शाळा लांब होती आणि आमची मेंढरं चाऱ्यामागं फिरती, म्हणून माझी शाळा सुटली. तेव्हा घरातल्यांनी सुस्कारा सोडला, बरं झालं एकदाचं. नानांनी मात्र मला बाजारात शेजारी बसवून दात वाचायला शिकवलं. पोरगी बाजारात बसती म्हणून लोक हसले. नाना म्हणाले, “हसू दे. निदान त्यांचे दात तरी दिसतेत.” माझ्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं, पुढंही कोणी केलं नाही.

मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाना हैदराबादला आले, बारा दिवस माझ्याकडं राहिले. पट्टी सुटल्यावर त्यांना मी माझं काम दाखवायला नेलं. आमच्याकडं एका दालनात फार पुरातन काळच्या, समुद्रात राहणाऱ्या सरड्यासारख्या प्राण्यांचे चार जबडे मांडलेत. खरे नाहीत, फायबरचे तपकिरी साचे. तीन वर्षं मी त्यांच्यावरची धूळ पुसत होते आणि पुसता पुसता शेजारची हिंदी पाटी अक्षर जुळवत वाचत होते. त्या दिवशी एक शाळा आली होती. आमचा गाईड, मोठ्या पदवीचा माणूस, पोरांना सांगत होता की हे सगळे राक्षस होते, तोंड उघडायचे आणि एकमेकांना फाडून खायचे. हे तो रोज सांगतो. त्यातले दोघं एकमेकांपासून कोट्यवधी वर्षं लांब होते, असं पाटीवरच लिहिलंय. पण पाटी वाचायला गाईडला वेळ कुठला.

नानांनी विचारलं, “ह्यो बाबा काय म्हणतोय?” मी सांगितलं. नाना म्हणाले, “ह्यानं जन्मात येक शेळी तरी चारलीय का?” आणि पोरं पुढं गेल्यावर, ‘हात लावू नये’ या पाटीखालीच त्यांनी पहिल्या जबड्यात बोट घातलं.  मी हळू आवाजात म्हटलं, “नाना, नोकरी जाईल माझी.” ते ऐकतात होय. लांब चोचीचा पहिला, दात सगळे सारखे, टोकदार. “ह्ये चावणारं न्हाई, धरून गिळणारं हाय. निसटती मासळी.” दुसऱ्याचे दात लांब, बारीक, वरचे खालच्यात अडकणारे. “ह्यो पिंजरा हाय. आत गेलं ते भाईर येत न्हाई.” तिसऱ्याच्या टाळूवरसुद्धा मागं वळलेले दात. “ह्यो लई मोठा घास घ्यायचा. वरचे दात घास आत ढकलायला.” पाटीवर तेच लिहिलं होतं, जड शब्दांत.

चौथ्याला पुढं बाहेर आलेले दात आणि आत टाळूभर चपटे, रुंद, फरशीसारखे. नानांनी बोट फिरवलं आणि निकाल दिला, “म्हातारं हाय. दात घासून सपाट झालेत.” मी तीन वर्षं ती पाटी वाचत होते. धीर करून म्हटलं, “नाना, चुकलात तुमी. ह्याचे दात जन्मापासून असेच. पुढच्यांनी खडकावरचे शिंपले उपटायचे, मागच्यांनी फोडायचे.” आयुष्यात पहिल्यांदा मी नानांना चुकलात म्हटलं होतं.  त्यांनी पुन्हा आत हात घातला, मागचा दात अंगठ्यानं दाबून पाहिला, मग म्हणाले, “खरंय. घासलेल्या दाताला कड ऱ्हाती. ह्याला मुळातच कड न्हाई. बैलाच्या हिशोबानं बघितलं मी.” एवढ्या वर्षांच्या निकालांत एक चुकला, आणि कबूल करायला त्यांना लाज वाटली नाही. पाटी म्हणते ही सगळी जमिनीवरून पाण्यात गेलेली जनावरं, मग तोंडं इतकी वेगळी कशी झाली, हे मी त्यांना विचारलं. “माळावर मेंढी मान खाली घालून खाती, शेळी मागच्या पायावर हुबी ऱ्हाऊन बाभळ ओरबाडती. तोंडं येगळी म्हणून भांडण न्हाई. ज्याला जे गावलं आणि ज्याच्या तोंडाला ते जमलं, त्याचीच पिल्लं जगली. अशा किती पिढ्या गेल्या आसतील, कोण मोजणार. आता जा, त्या पोरांना सांग.”

मी नाही गेले. गाईडला काय वाटेल, साहेबांना काय वाटेल. झाडू धरून उभी राहिले. नाना तळहातावर तंबाखूला चुना चोळत माझ्याकडं बघत होते. गावाकडच्या गाडीत बसवलं, तेव्हा खिडकीतून म्हणाले, “तुज्या तोंडात सगळे दात हायेत, बाय. उपेग काय, तोंडच उघडत न्हाई.” हे त्यांचं मला समोरासमोर शेवटचं बोलणं.

नानांच्या दहाव्याला मी गावी गेले. एका पुढाऱ्यानं भाषण केलं की नानांचा आवाज गरिबांचा आवाज होता. नाना बाजारात शब्द मोजून बोलायचे, हे त्याच्या गावीही नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि स्वतःचीच किळस आली.

परत आले त्या आठवड्यात पुन्हा एक शाळा आली, पुन्हा राक्षस आले, पुन्हा फाडून खाल्लं. मी झाडू भिंतीला टेकवला.  आमची बीडकडची हिंदी हैदराबादेत चालते, त्या हिंदीत चौथ्या जबड्याकडं बोट दाखवून म्हटलं, “बच्चो, इसके दाँत देखो, फिर बोलो ये किसको फाड़ेगा.” एक पोरगी म्हणाली, “किसी को नहीं. ये तो फोड़ेगा.” गाईड तडक साहेबांकडं गेला. साहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, संपलं. ते म्हणाले दहावीचा दाखला नाही, गाईड करता येणार नाही, पण गुरुवारी या दालनात अर्धा तास बोला, केर मात्र आधी काढायचा. मोठे उपकार केल्यासारखं म्हणाले. मी हात जोडले. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता गुरुवारी केर काढते, जबडे पुसते. चौथ्याच्या टाळूवर, मागच्या चपट्या दातापाशी, अंगठ्याएवढा पांढरा डाग आहे. तपकिरीवर उठून दिसतो. चुना आहे तो, नानांचा. पोरांना दात दाखवताना माझं बोट तिथंच जातं. गाईडनं साहेबांकडं तक्रार केलीय की बाई नीट पुसत नाही... चौथ्या जबड्यापुरतं त्याचं खरं आहे.