बसव्वाबाईंचा खोकला

काय सांगू पावणं, अजून डोक्यात शिरत न्हाय. ज्या गावानं बसव्वाबाईंना देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, त्याच गावानं त्यांना शाळेच्या फाटकाबाहेर काढलं!

नेसरीकडची आमची वाडी. शाळेत मास्तर दोनच. एक बाई, दुसरा मी, कृष्णात. बाईंचं घर तिकडं कोल्हापूरजवळ कळंब्याला. घराजवळ बदली मिळत असताना तीनदा नको म्हणाल्या. "पोरं टाकून जाऊ कुठं?" म्हणायच्या. एकोणीस वर्षं वाडीतच, पिराजीच्या खोलीत भाड्यानं. रजा म्हणून माहीत न्हाय. खडूच्या धुरळ्यानं तेवढा एक कोरडा खोकला जडलेला. तो लांबनं ऐकू आला की पोरं दंगा थांबवून गप बसायची.

२००९ चा ऑगस्ट. पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं गेली, टीव्हीवर दिवसभर तेच. शाळा आठवडाभर बंद. उघडली त्या दिवशी प्रार्थनेला बाई खोकल्या. एका आईनं तिथल्या तिथं आपली पोरगी ओढून नेली. मग दुसरीनं. अर्ध्या तासात पिराजी फाटकात, तोंडाला टॉवेल गुंडाळून.

"बाई, शाळेच्या बाहेर व्हा. खोलीबी मोकळी करा."

"अरे पिराजी, हा खडूचा खोकला! तुझी तिन्ही पोरं हाच खोकला ऐकत शिकली की!"

"तवाचं येगळं व्हतं."

आग लागो असल्या अकलेला! अंगात ताप न्हाय, काय न्हाय. बाई एकट्याच एसटीनं कोल्हापूरला गेल्या. डॉक्टरनं तपासून लिहून दिलं, धुळीचा जुना खोकला, दुसरं काही नाही.

चौथ्या दिवशी तो कागद घेऊन बाई शाळेत आल्या. गाव गोळा झालं. पिराजीनं पाय धरले. "चुकलं बाई. चला वर्गात, पोरं वाट बघत्यात."

बाई जागच्या हलल्या न्हाईत.

"खडूचा निघाला म्हणून आलास. खरंच तो ताप निघाला असता, तर मला तांब्याभर पाणी कोण देणार होतं?"

बाईंनी बदलीचा अर्ज माझ्या हातात ठेवला. मी दिलं असतं पाणी, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. प्रार्थनेला त्या खोकल्या, तवा सगळ्यांच्या आधी मागं मीच सरकलतो, आणि बाईंनी ते बघितलं होतं.